जुना प्लॅन धरून बसलेले स्क्रीन

मी चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. बारशाला किंवा लग्नात कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. समोरचा माणूस ‘म्हणजे कॉम्प्युटरवर’ असं म्हणतो आणि जेवणाच्या ताटाकडे वळतो. त्यात त्याची काही चूक नाही. आमचं काम नीट चाललेलं असतं तेव्हा ते कुणाला दिसतच नाही. दिसतं ते बिघडल्यावर, आणि तेव्हा मग सगळ्यांनाच दिसतं.

त्या आठवड्याबद्दल मात्र मला कुणी न विचारताही सांगावंसं वाटतं. अजूनही सांगायला लागले की माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात, आणि आई म्हणते, ‘हळू, शेजारी झोपलेत.’

सुरुवात झाली नव्या डिस्कांपासून. आमच्या सर्व्हरमध्ये जुन्या फिरणाऱ्या डिस्का होत्या. त्या बदलून द्या म्हणून मी कितीतरी दिवस मागे लागले होते. शेवटी एकदाच्या त्या आल्या. रविवारी कारखाना बंद असताना आम्ही सगळा डेटा नव्या डिस्कांवर हलवला, सगळं परत सुरू केलं, आणि सोमवारी सकाळी मी चऱ्होलीहून कंपनीच्या बसमध्ये बसले ती सणाला निघाल्यासारखी. आता सगळं पळणार, असं मनात चाललेलं.

खरं सांगायचं तर बरंचसं पळायला लागलंही. पण जिथं सगळ्यात जास्त गरज होती, तिथं फरक पडला नाही. तो होता डिस्पॅचचा लेबलचा स्क्रीन.

डिस्पॅचच्या शेडमध्ये खांबाखांबाला एकेक टर्मिनल लावलेलं आहे. तयार माल पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, रचून येतो. तिथला माणूस त्याचा बारकोड स्कॅन करतो. टर्मिनल डेटाबेसला विचारतं, हा माल कुठल्या ऑर्डरचा, याची तपासणी झाली का, हा कुठल्या गाडीत चढवायचा. उत्तर आलं की प्रिंटरमधून लेबल बाहेर पडतं, ते पॅलेटला चिकटतं, आणि फोर्कलिफ्ट पॅलेट उचलून ट्रककडे नेते. लेबलाशिवाय पॅलेट जागचं हलत नाही. ज्या कार कारखान्यांना आम्ही माल देतो ते आपल्याकडे साठा ठेवत नाहीत. आमचा ट्रक उशिरा पोचला तर तिथली लाईन थांबते. त्यामुळे लेबल यायला लागणारा प्रत्येक जास्तीचा क्षण गेटबाहेरच्या रांगेत दिसतो.

आता डेटाबेस उत्तर कसं शोधतो, हे जरा सांगायला हवं. आमच्या डिस्पॅचच्या सुपरवायझर दादांना मी गोदामाच्या रॅकवरून समजावलं होतं, तसंच इथंही सांगते. एखादा बिन, म्हणजे मालाचा खोका, शोधायचा तर दोन रस्ते आहेत. एक, पहिल्या रॅकपासून शेवटच्या रॅकपर्यंत बघत चालत जायचं. दुसरा, कुठल्या रॅकवर काय आहे याची जी सूची लावलेली असते ती बघून नेमक्या जागी उडी मारायची. कुठल्या वेळी कुठला रस्ता स्वस्त पडेल याचा हिशेब डेटाबेस स्वतः करतो. त्या हिशेबातून जे ठरतं त्याला प्लॅन म्हणतात. फिरणाऱ्या डिस्कवर अशा उड्या फार महाग पडतात, म्हणून त्या काळी सरळ चालत जाणंच बरं असायचं. नव्या डिस्कवर उडी जवळजवळ फुकट. पण डेटाबेसला डिस्क बदलल्याचं आपोआप कळत नाही. ‘उडीचा खर्च किती धरायचा’ अशी एक सेटिंग असते, ती आपणच कमी करून द्यावी लागते.

सोमवारचा दिवस मी सगळं नीट चालतंय का ते बघण्यात घालवला. मंगळवारी सकाळी सेटिंग बदलली. त्यासाठी काही बंद करावं लागत नाही, बदल चालू डेटाबेसला लगेच लागू होतो. मग लेबलच्या स्क्रीनची क्वेरी, म्हणजे टर्मिनल डेटाबेसला विचारतं तोच प्रश्न, मी माझ्या जागेवरून चालवली. एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर समोर! मी पुन्हा चालवली. पुन्हा तेच. मी खुर्चीत जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि सगळ्यांना मेल टाकली की लेबलचा प्रश्न सुटला आहे.

थोड्या वेळानं डिस्पॅचचा फोन आला. सुपरवायझर दादाच होते. ते चाकणजवळच्याच गावचे. त्यांच्या घरचे अजून कांदा लावतात आणि ते इथं शिफ्ट सांभाळतात. बोलणं नेहमी शांत.

“ताई, तुमची मेल वाचली. प्रश्न सुटला म्हंता. पर हितं तर चक्री अजून फिरतीच हाय.”

“असं कसं होईल दादा? माझ्याकडे तर लगेच उत्तर येतंय.”

“तुमच्याकडं येत आसंल. तुमच्याकडं ट्रक न्हाईत ना उभे.”

मी खाली जाऊन पाहिलं. ते म्हणत होते तसंच होतं. पॅलेट स्कॅन केलं की स्क्रीनवर चक्री फिरत राहायची आणि हातात स्कॅनर धरलेला माणूस दुसरीकडे बघत उभा राहायचा.

डेटाबेसमध्ये तर वेग होता. मग दोष टर्मिनलच्या सॉफ्टवेअरचा, हे मला उघड दिसत होतं. ते सॉफ्टवेअर हिंजवडीच्या एका छोट्या कंपनीनं लिहिलेलं. तिथं आमचं काम बघणारी एक प्रोग्रामर होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, फक्त मेलवरून ओळखत होते आणि त्या मेलवरून ती मला मुळीच आवडत नव्हती. मी लिहिलं, डेटाबेस व्यवस्थित आहे, कृपया तुमचं ॲप्लिकेशन तपासा. तिचं उत्तर आलं, ॲप्लिकेशनमध्ये कित्येक महिन्यांत काही बदललेलं नाही, बदल तुमच्याकडे झालेला आहे, कृपया डेटाबेस तपासा. दुपारपर्यंत आमच्या मेलमधल्या ‘कृपया’ला इतकी धार आली की प्लांट हेड सरांनी आम्हा दोघींना मिळून एकच ओळ लिहिली. उद्या सकाळी दोघी चाकणला एकत्र बसा.

बुधवारी ती आली. मारुंजीहून स्कूटर चालवत, वाकड, नाशिक फाटा, मोशी असा सगळा ट्रॅफिक अंगावर घेत. हेल्मेट काढलं तेव्हा केस कपाळाला चिकटलेले होते आणि चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी होती. माझ्याच वयाची असावी. तिनं बॅग टेबलावर ठेवली.

“दाखवा बघू मॅडम, तुमच्याकडे कसं पळतं ते.”

मी दाखवलं. तिनं माझ्या हातून कीबोर्ड घेतला, क्वेरी अक्षर न् अक्षर वाचली, आपल्या सॉफ्टवेअरमधल्या क्वेरीशी ताडून पाहिली. तीच होती. तिनं स्वतः चालवली. उत्तर लगेच आलं.

“बरं,” ती म्हणाली. “आता खाली चला.”

खाली तिनं खांबावरचं टर्मिनल स्वतः हाताळलं. चक्री फिरत राहिली. मग तिनं लॅपटॉप जोडून मला दाखवलं. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ जातच नव्हता. सॉफ्टवेअर प्रश्न विचारत होतं आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसत होतं. तोच प्रश्न, तोच डेटाबेस, त्याच डिस्का. माझ्या खुर्चीवरून विचारलं तर लगेच उत्तर, खांबावरून विचारलं तर थांबा.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला वाटतं भांडण तिथंच संपलं, कारण दोघींनाही एकाच क्षणी कळलं की दोघीही खरं बोलत होतो. मला एकदम हुरूप आला. शाळेत असताना विहारातल्या अभ्यासिकेत बसून एखादं गणित सुटता सुटत नसायचं आणि मग अचानक ते सुटणार आहे असं आधीच कळायचं, तेव्हा असं व्हायचं.

“हे कसं शक्य आहे हो?” ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, भूक होती.

सुपरवायझर दादा शेजारीच उभे होते. त्यांना आमच्या आनंदाचं कारण काही समजेना. “आवो, सगळेच हळू न्हाईत,” ते म्हणाले. “दोन नंबरच्या खांबावरचं बरं पळतंय सकाळपास्नं. समद्यांनी तिथंच गर्दी केलीय.”

आम्ही दोन नंबरच्या खांबाकडे अक्षरशः धावत गेलो. खरंच. स्कॅन केलं की लेबल बाहेर. स्कॅन, लेबल. स्कॅन, लेबल.

“या टर्मिनलला काय केलं होतं दादा?”

“काय न्हाई. सकाळी फोर्कलिफ्टनं वायर ओढली त्याची. बंद पडलं, परत चालू केलं.”

“परत चालू केलं!” आम्ही दोघी एकदम ओरडलो. पलीकडच्या पॅलेटवरचे दोघेजण वळून बघायला लागले.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. प्लॅन ठरवणं हेसुद्धा डेटाबेसला काम असतं, त्यात वेळ जातो. एकच प्रश्न दिवसभर पुन्हा पुन्हा येणार असेल तर दर वेळी नव्यानं हिशेब कशाला? म्हणून टर्मिनलनं सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं, हा माझा ठरलेला प्रश्न आहे. डेटाबेस पहिल्या काही वेळा हिशेब करतो, आणि मग एक प्लॅन पक्का करून त्या कनेक्शनपुरता जपून ठेवतो. आमची टर्मिनलं तिन्ही शिफ्ट चालू असतात, रविवार सोडला तर बंद होत नाहीत. म्हणजे त्यांची कनेक्शनं रविवारपासून उघडी होती आणि त्यांचे प्लॅन मी सेटिंग बदलण्याच्या आधीचे होते. माझी खिडकी मी नवी उघडली, तिला नवा प्लॅन मिळाला. दोन नंबरचं टर्मिनल बंद पडून पुन्हा जोडलं गेलं, त्यालाही नवा मिळाला. बाकीचे खांब अजून जुना प्लॅन धरून बसले होते, प्रत्येक लेबलासाठी सगळे रॅक चालत होते.

हा आमचा अंदाज होता. पण अंदाज सरांना सांगायला जायचं नाही, हे दोघींनाही न बोलता पटलं. माझ्या जागेवर सारखे फोन येत होते, म्हणून आम्ही लॅपटॉप घेऊन कॅन्टीनमध्ये गेलो. नाश्त्याची वेळ उलटून गेली होती, टेबलं नुकतीच पुसलेली होती, मागं पोह्यांचं पातेलं घासल्याचा आवाज येत होता. आमच्याकडे डेटाबेसची एक वेगळी प्रत चाचणीसाठी ठेवलेली आहे. तिच्यावर काहीही करा, कारखान्याला धक्का लागत नाही. तिथं आम्ही दोन खिडक्या उघडल्या. डावी खिडकी म्हणजे टर्मिनल, ती तिची. उजवी खिडकी म्हणजे मी.

डाव्या खिडकीत तिनं जुन्या सेटिंगवर तीच क्वेरी पुन्हा पुन्हा चालवली, प्लॅन पक्का होईपर्यंत. उजवीकडून मी सेटिंग बदलली.

“आता तुमच्या खिडकीला विचारा, सेटिंग काय आहे म्हणून.”

तिनं विचारलं. उत्तर आलं, नवी. म्हणजे बदल तिच्यापर्यंत पोचला होता!

“आता प्लॅन दाखवायला सांगा.”

तिनं सांगितलं. आम्ही दोघी स्क्रीनवर इतक्या वाकलो की डोकी आपटली. प्लॅन जुनाच होता. सेटिंग नवी आणि प्लॅन जुना, एकाच खिडकीत, एकाखाली एक!

मग मी तिसरी खिडकी उघडली, ताजी. तीच क्वेरी. प्लॅन नवा.

“अगं बाई!” ती म्हणाली. मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून ‘अगं’ ऐकलं आणि ते तिथून पुढे तसंच राहिलं.

त्यानंतर आम्हाला थांबवणं अवघड होतं. मुख्य गोष्ट तर सिद्ध झाली होती, पण आता कुतूहल सुटलं होतं. कुठल्याच सेटिंगला हा जपलेला प्लॅन दाद देत नाही का? की काहींना देतो? तिनं कामाची मेमरी वाढवून पाहिली. प्लॅन जुनाच. मी एक पद्धतच बंद करून टाकली, सरळ चालत जायचं नाही म्हणून सांगितलं. नव्या खिडकीनं ऐकलं, पण डावी खिडकी आपली चालतेच आहे. आम्ही एकेक करत जात होतो आणि दर वेळी ती टेबलावर बोटानं टकटक करत म्हणत होती, “नाही ऐकत. नाही ऐकत गं.”

मग तिच्या डोक्यात आलं. “टेबल शोधायचा क्रम बदलून बघू का?”

डेटाबेसमध्ये टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येतात आणि एकाच नावाचं टेबल दोन कप्प्यांत असू शकतं. नाव घेतलं की आधी कुठल्या कप्प्यात शोधायचं, तेही एका सेटिंगनं ठरतं. तिनं दुसऱ्या कप्प्यात त्याच नावाचं एक रिकामं टेबल बनवलं, डाव्या खिडकीत तो क्रम उलटा केला आणि पक्क्या झालेल्या प्लॅनवर तीच क्वेरी चालवली.

उत्तर रिकामं आलं. त्यानं ऐकलं होतं! जपून ठेवलेला प्लॅन टाकून देऊन, नवा करून, नव्या कप्प्यात शोधलं होतं.

आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो.

“म्हणजे याला सेटिंगा कळतात. फक्त हीच का ऐकली?”

“थांब थांब. उडीचा खर्च चुकला तर काय होतं? उशीर होतो. उत्तर तर बरोबरच येतं ना?”

“आणि कप्पा चुकला तर...”

“तर उत्तरच चुकतं!” मी जवळजवळ उभीच राहिले. “रस्ता चुकला तर गाडी उशिरा पोचेल, पण पत्ता चुकला तर माल दुसऱ्याच्याच दारात उतरेल. तेवढं तो होऊ देत नाही.”

ती खुर्चीत मागं टेकली आणि हसायला लागली. हे कुणीतरी, कुठंतरी, टेबलाशी बसून ठरवलं असणार. कुठल्या बदलासाठी जपलेलं सगळं फेकून द्यायचं आणि कुठल्यासाठी नाही, याचा कुणीतरी एक माणसासारखा विचार केला असणार. इतकी वर्षं मी त्या सेटिंगा वापरत होते आणि त्यांच्यामागे असा विचार आहे हे मला त्या कॅन्टीनमध्ये दिसलं. मला त्या अनोळखी माणसाला फोन करावासा वाटला.

पण खाली ट्रक उभे होते.

उपाय सोपा वाटला. सगळी टर्मिनलं बंद करून पुन्हा सुरू करायची. आम्ही उड्या मारतच डिस्पॅचला गेलो आणि सुपरवायझर दादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“न्हाई जमायचं. प्रत्येक टर्मिनलवर एकेक गाडी अर्धी स्कॅन झालेली हाय. बंद केलं की ती अर्धी जाती. पयल्या पॅलेटपास्नं परत करावं लागतं. आज गाड्या बघा किती लागल्यात.”

ते खरं होतं, प्रोग्रामरनंही कबूल केलं. अर्धवट गाडीची नोंद टर्मिनलमध्येच साठवलेली असायची. सरांना विचारलं तर ते म्हणाले, मग रविवारपर्यंत थांबा, तेव्हा सगळंच बंद असतं. सांगणं अगदी शहाणपणाचं होतं. पण उत्तर हातात असताना रविवारपर्यंत ती चक्री बघत बसायची, हे आमच्यापैकी एकीलाही सहन होणारं नव्हतं.

आम्ही डिस्पॅचमध्येच खांबाला टेकून उभ्या राहिलो. ती टर्मिनलवर उगाचच एकेक स्क्रीन उघडून बघत होती. ऑर्डरचा स्क्रीन हळू. तपासणीचा हळू. मग तिनं रिकाम्या बिनचा स्क्रीन उघडला. माल नेलेले प्लास्टिकचे बिन ग्राहकाकडून रिकामे परत येतात, त्यांची ये-जा त्यात नोंदवतात. तो स्क्रीन झटक्यात उघडला.

तिनं बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा झटक्यात.

“ए, इकडे ये,” ती म्हणाली. “हे टर्मिनल बंद झालं होतं का आज?”

“न्हाई,” दादा म्हणाले. “रविवारपास्नं चालूच हाय.”

“मग हा स्क्रीन आधीपासून असाच पळायचा?”

“छ्या! हासुद्धा रडायचा. काल दुपारच्याला आपोआप सुधारला. मला वाटलं तुमीच केलं.”

आम्ही काहीही केलं नव्हतं. तेच टर्मिनल, तेच जुनं कनेक्शन, तरीही या एका स्क्रीनला नवा प्लॅन मिळाला होता. कुणीतरी त्याच्या हातातून जुना काढून घेतला होता!

मी जिना चढून जागेवर गेले, ती मागोमाग. बिनच्या टेबलाचा इतिहास काढला. आणि उत्तर तिथंच होतं. डेटाबेस अधूनमधून आपल्या टेबलांची पाहणी करतो, कुठं किती माल आहे, कसा विखुरला आहे, म्हणजे पुढचे हिशेब बरोबर यावेत. टेबलाचा बराचसा भाग बदलला की ही पाहणी आपोआप होते. बिनचं टेबल छोटं, आणि बिन दिवसभर येतात जातात, त्यामुळे त्याची पाहणी काल दुपारी झाली होती. पाहणी झाली की त्या टेबलाशी संबंधित जपलेले सगळे प्लॅन रद्द होतात, प्रत्येक कनेक्शनमधले. पुढच्या वेळी प्रश्न आला की हिशेब नव्यानं, आणि अर्थातच नव्या सेटिंगनं.

“आणि लेबलचं टेबल?” तिनं विचारलं.

लेबलच्या टेबलात कारखाना सुरू झाल्यापासूनचा माल होता. एका दिवसाची भर म्हणजे त्यात चमचाभर. त्याची आपोआप पाहणी व्हायला अजून कितीतरी अवकाश होता.

“पण हातानं करता येते,” मी म्हणाले.

“चालू असताना?”

“चालू असताना. कुणाला थांबवावं लागत नाही.”

आम्ही आधी चाचणीच्या प्रतीवर करून पाहिलं. डावी खिडकी, जुना पक्का प्लॅन. उजवीकडून पाहणीचा एक शब्द. डावीकडे पुन्हा क्वेरी. प्लॅन नवा! मग सरांकडे गेलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

“लाईन थांबेल का?”

“नाही सर.”

“करून बघितलंय?”

“हो सर. सकाळी कॅन्टीनमध्ये कारण सापडलं, आणि आत्ता चाचणीच्या प्रतीवर उपायही करून बघितला.”

“कॅन्टीनमध्ये,” ते म्हणाले, आणि आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघून त्यांना हसू आलं असावं. “करा.”

ती खाली डिस्पॅचला गेली आणि तिथून मला फोन लावून ठेवला. मी जागेवर बसले. फोनमधून फोर्कलिफ्टचा भोंगा, कुणीतरी कुणाला ‘ए भावा’ म्हणून हाक मारलेली, स्कॅनरचा बीप असं सगळं ऐकू येत होतं. मी आज्ञा लिहिली, दोनदा वाचली आणि एंटर दाबलं.

“चालू केलं,” मी सांगितलं.

“अजून हळूच आहे.”

“टेबल मोठं आहे. थांब जरा.”

मी कर्सरकडे बघत होते. तो नुसता लुकलुकत होता. मग पाहणी पूर्ण झाल्याची ओळ आली.

“झालं! आता बघ. पुढचं पॅलेट स्कॅन करू दे.”

फोनमध्ये एक बीप वाजला. लगेच प्रिंटरची किर्रर्र. मग पलीकडून दुसरा बीप, दुसरी किर्रर्र.

“अगं बग की!” तिची लातूरकडची बोली पहिल्यांदाच पूर्ण बाहेर आली होती. “पळलालंय! समदी पळलालेत गं! ये की खाली!”

तिच्या मागून सुपरवायझर दादांचा आवाज आला. मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “आरं स्कॅन करा, स्कॅन करा! चालू झालं बगा! आवो ताई, व्हय, भारी केलं राव!”

शेडमध्ये पळायला मनाई आहे, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं असतं. मी पिवळ्या पट्ट्यांच्या आतून जितकं भरभर चालता येईल तितकं चालत गेले. खांबाखांबावर प्रिंटर वाजत होते. माणसं हसत होती, कारण त्यांना आता थांबावं लागत नव्हतं. उलट फोर्कलिफ्टच मागे पडत होती आणि ‘उचला, उचला’ असा ओरडा चालला होता. कुणाचीही अर्धी गाडी गेली नव्हती. प्रोग्रामर एका खांबाजवळ हात वर करून उभी होती, मी जवळ गेल्यावर तिनं दोन्ही हातांनी माझे हात धरले आणि आम्ही तिथंच एक गिरकी घेतली. कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये, डोक्यावर सेफ्टीचं हेल्मेट घालून.

दुपारी गेटबाहेरची रांग संपली. आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन वडापाव खाल्ला. ट्रकवाले चहा पीत होते, त्यांतले काही बहुधा आमचाच माल घेऊन निघालेले. ती सांगत होती, लातूरजवळच्या तालुक्याच्या कॉलेजात तिला कॉम्प्युटर आधी पुस्तकात भेटला आणि मग बऱ्याच दिवसांनी खरा. मी सांगितलं, माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात टर्नर होते आणि मायक्रोमीटर कसा धरायचा हे त्यांनी मला सायकल शिकवण्याच्या आधी शिकवलं. बोलता बोलता आम्ही पुन्हा प्लॅनवरच यायचो. ती म्हणाली, आपण त्याला उगाच हट्टी म्हणत होतो, त्याला तर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, सांगितलं होतं, पण त्याच्या भाषेत नाही. मग दुसरा वडापाव घेतला.

नंतर तिनं सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. आता अर्धवट गाडी टर्मिनलमध्ये अडकून राहत नाही, त्यामुळे कधीही नवं कनेक्शन घेता येतं. आणि मी अशी एखादी सेटिंग बदलली की त्याच दिवशी मोठ्या टेबलांची पाहणी हातानं करून टाकते. सुपरवायझर दादांनी आम्हा दोघींना घरच्या कांद्याची एकेक पिशवी दिली. मारुंजीच्या तिच्या भाड्याच्या खोलीत ती कुठं ठेवायची, हा तिला बरेच दिवस प्रश्न पडला होता.

गेल्या हिवाळ्यात चिंचवडला एका सभागृहात डेटाबेसचं काम करणाऱ्या लोकांचा मेळावा भरला होता. बोलायला कुणी आहे का, असं विचारलं तेव्हा आम्ही दोघींनी नाव दिलं. भोसरीचे, तळवड्याचे, हिंजवडीचे लोक बसले होते, कुणी मोबाईल बघत होतं. आम्ही भाषण केलंच नाही. मोठ्या पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या, ती डावीकडे बसली, मी उजवीकडे. जुनी सेटिंग, क्वेरी पुन्हा पुन्हा, प्लॅन पक्का. मी सेटिंग बदलली. तिनं विचारलं, सेटिंग काय? पडद्यावर नवी. तिनं प्लॅन मागितला.

पडद्यावर जुना प्लॅन आला आणि सभागृहात एक आवाज उठला, अनेक जणांनी एकदम श्वास घेतल्यासारखा. मोबाईल खाली गेले. कुणीतरी म्हणालं, “अरे, आमच्याकडे हेच होतंय!” एक बाई पर्समधून पेन शोधायला लागल्या. मागच्या रांगेतला एक माणूस उभाच राहिला.

“ताई, पुन्हा दाखवा,” तो म्हणाला. “जरा हळू.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि आम्ही दोन्ही खिडक्या बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.